झाकणातला शंभूराज

माझी धाकटी जाऊ शालूबाई. तिचं वागणं सांगते. माझ्या हातची भाकरी खायची, अन् मनातलं मात्र किरणनाथ बाबाला सांगायचं. घरात आम्ही दोघीच विधवा. तिचा एकुलता मुलगा शंभूराज लष्करात गेला, तो पेटीतून परत आला. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलणं. वर, येत्या अमावास्येला बाई कायमची त्या बाबाच्या मठात राहायला निघालेली.

१९९८ सालची गोष्ट. सांगलीत घाटाजवळ या बाबाचा दरबार भरे. पुढ्यात वहीसारखा उघडणारा चपटा कॉम्प्युटर. पडद्यावर मेलेल्याचा फोटो लावायचा, घरच्यांनी प्रश्न विचारायचा. चेहरा हिरवा पडला की होकार. आत्मा प्रकाशाच्या वेगानं येतो, वाटेत थांबे नाहीत, असं बाबा सांगे. एसटीनं आला असता तर कराडलाच अडकला असता, मी म्हणाले. कोणी हसलं नाही.

शालूनं विचारलं, "बाळा, मठात ऱ्हाऊ का?"

शंभूराज हिरवा पडला. नको म्हण रे, असं मीही मनात त्याला विनवत होते. पण नजर बाबाच्या अंगठ्यावर होती. होकाराआधी दर वेळी तो पडद्याचं झाकण बोटभर मागं ढकले.

मी दुसरी शिकलेली. म्हणून कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या भार्गवीबाईंना गाठून अंगठ्याचं सांगितलं. पुढच्या दरबारात आरतीला बाबानं नेहमीसारखा स्वतःचा फोटो लावला. भार्गवीबाई उठल्या, झाकण मागं ढकललं. बाबा हिरवेगार.

मागून आमच्या गल्लीतला आकाराम म्हणाला, "महाराज, तुमी कवा वारला?"

भार्गवीबाईंनी उलगडून सांगितलं. चित्राची खबर यंत्राच्या पोटातून झाकणात जाते ती केसासारख्या तारांच्या जोड्यांतून, पापणी लवायच्या आत कोट्यवधी खुणा. एका तारेत खूण सुलटी, जोडीच्या तारेत तीच उलटी. पडदा दोन्हींतला फरक तेवढा वाचतो. बाहेरच्या विजेचा गोंधळ दोन्हींवर सारखाच पडतो, फरक तसाच राहतो. मला तराजू आठवला. हळदीच्या पेठेत वारा दोन्ही पारड्यांना सारखाच ढकलतो, काटा हलत नाही. पण एका पारड्याची साखळी तुटली की माप खोटं. या यंत्रात लाल रंग नेणारी एक तार बिजागरीपाशी तुटली होती. झाकण मागं गेलं की टोकं सुटत, लाल जाई, चेहरा हिरवा पडे.

बाबा यंत्र काखेत मारून रिक्षात बसला. लोक पांगले. शालू घाटाच्या पायरीवर तशीच बसलेली.

"आक्का, खोटा का असंना, माझ्याशी बोलत तरी हुता. आता कोण हाय?"

मी म्हणाले, "कोण बोलत नव्हतं, शालू. तू रडत हुतीस आन् एक लबाड झाकण हलवत हुता. कुणी देवाचं नाव घेऊन सांगितलं तरी कारण इचारायचं असतं, ते तू इचारलं न्हाईस. तू चुकलीस. पोर कुठल्या बी तारंतनं परत येत न्हाई. आन् तुला 'ऱ्हा' म्हणायला माझा ताठा आडवा आला, ती माझी चूक. आता म्हणते. ऱ्हा."