पहिलं नाव मामाचं

एका ठिकाणची माहिती उचलायची, तिची मांडणी बदलायची आणि दुसऱ्या ठिकाणी बसवायची, हे गुलाबचं काम. नागपूरच्या कंपनीत त्यासाठी तो एक छोटीशी संगणकभाषाच तयार करत होता. त्याच्या गावी, आंधळगावात, हे कुणाच्या गळी उतरेना. म्हणून सत्याऐंशी साली, बहिणीच्या लग्नात, पठ्ठ्यानं करामत दाखवायचं ठरवलं.

आईनं, रंभाबाईंनी, आमंत्रणाची नावं सांगितली. त्यानं ती नागपूरला नेली आणि अक्षरांच्या क्रमानं लावलेले छापील पत्ते घेऊन आला. घर हरखून गेलं. पाकिटं कमी पडली, तेव्हा यादीतल्या वरच्या नावांच्या पत्रिका लगेच पोस्टात पडल्या, बाकीच्या आठवड्यानं. मामाची तर पहिलीच गेली असणार, असं रंभाबाई धरून चालल्या.

आणि लाखांदूरचे मारोतमामा रुसले! रंभाबाईंचा हा एकुलता भाऊ. नवरीला हात धरून मांडवात आणायचा मान त्यांचा. पण लाखांदूरच्याच कापडवाल्या भय्याजींना पत्रिका आधी मिळाली आणि त्यांनी भरबाजारात विचारलं, "भाचीच्या लग्नाले कधी निघता?" मामांना पत्रिकाच आली नव्हती. त्यांनी निरोप धाडला, येत नाही.

"माह्या भावाबिगर पोरीले मांडवात आणंन कोण?" रंभाबाई रडू लागल्या. गुलाबला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं अक्षता आणि पत्रिका घेतली अन् एसटी पकडली.

मामांनी पाणी दिलं, पण पत्रिकेकडे पाहिलं नाही.

"मामा, मशीनले नातं समजत नाही ना जी. तिनं अक्षरं पाहून नावं लावली, 'भ' आधी, 'म' मागून."

"तुह्या मायनं माहं नाव कितवं सांगतलं होतं?"

"पहिलं."

"मंग खाली कोणं टाकलं?"

गुलाबनं यादी आठवून पाहिली. एकही नाव गळलं नव्हतं, एकही पत्ता चुकला नव्हता. आईनं मानानं लावलेला क्रम तेवढा त्यानंच हौसेनं मोडला होता.

"मीच टाकलं, मामा."

मामांनी अक्षतांसाठी हात पुढे केला. मग आत बघून ओरडले, "भाच्याले वाढ वं! सकाळी संगंच निघू."

मांडवात मामांनी भाचीचा हात धरला, तेव्हा गुलाबच्या जिवात जीव आला.

गुलाबची भाषा कंपनीत पुढं बरीच चालली. कुठलीही यादी नव्यानं लावण्याआधी ती थांबून विचारी, मूळचा क्रम मोडू का? या थांब्याचं नाव त्यानं 'मामा' ठेवलं होतं. नवे लोक हसून विचारत, "मामा कशाला?"

"त्यांना आधी विचारावं लागतं," गुलाब म्हणे.