बाळसं नव्हे, सूज

सन १९९६. कावेरीकाठच्या तिरुवैयारूच्या घाटावर दर मंगळवारी पहाटेपासून रांग लागे. खरूज, इसब, गजकर्ण, काहीही असो, तिथे बसणारे सामी नावाचे बाबा बोटभर लेप लावत आणि गर्जत, "हे मलम नव्हे, कावेरीअम्माचा प्रसाद! कातडीतलं पाप कातडीतच जळतं!"

मी तिथून जवळच्या शहरात, जुन्या राजवाड्यामागच्या गल्लीत त्वचारोगांचा दवाखाना चालवते. माझे निम्मे रोगी त्या रांगेत होते. दोन दिवसांत त्यांची खाज थांबते, हे मीही पाहिलं होतं. वाद घालून घालून मी थकले होते.

एके संध्याकाळी शेजारची शांभवी आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन आली. बरोबर सासरे बाळकृष्णराव.

"डॉक्टर अक्का, इसब गेलं. आणि बाळसं बघा कसं धरलंय!"

पोरीचा चेहरा चंद्रासारखा वाटोळा झाला होता. गालांवर लव दाटली होती, हातपाय मात्र काटक्या.

"लेप किती दिवस लावतेस?"

"चार महिने. रोज दोनदा, सगळ्या अंगाला."

मी तिच्याकडून लेपाची डबी मागून घेतली. "हे बाळसं नव्हे, सूज आहे. लेपात स्टेरॉइड असणार."

"सामींवर शंका?" बाळकृष्णराव कडाडले. "तीस वर्षं कचेरीत काढली. माणूस ओळखतो मी."

"मग हात पुढे करा."

त्यांच्या हातावर मी पेनाने तीन वर्तुळं काढली. एकात साधं चंदन, दुसऱ्यात सामींचा लेप, तिसऱ्यात माझ्या कपाटातलं जोरकस स्टेरॉइड मलम. वर प्लास्टिक बांधलं. "झोपताना पुसा, सकाळी या."

शांभवी डबी उचलून म्हणाली, "हे आत्ताच गटारात टाकते!"

"थांब! एकदम बंद केलंस तर पोर दगावेल. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्याने ते बनवणाऱ्या तिच्या अंगातल्या ग्रंथी झोपल्यात. आधी इस्पितळात चल." बाळाला मी त्याच संध्याकाळी दाखल करवलं.

सकाळी बाळकृष्णराव बाही वर करूनच आले. चंदनाखालची कातडी होती तशीच. उरलेली दोन वर्तुळं सारखीच फिकी पडली होती.

"या मलमाने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून कातडी फिकी पडते," मी म्हटलं. "मलमाचा जोर मोजायला संशोधक हेच करतात."

"म्हणजे प्रसाद..."

"औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या ट्यूबा पिळून त्यात चंदन आणि कापूर घोटलेला."

पुढे सरकारी प्रयोगशाळेचा अहवालही तेच म्हणाला.

बाळाला मोजून औषध देत, ते कमी करत न्यायला पाच महिने लागले. मधे एकदा तापाने ती निपचित पडली, तेव्हा शांभवी माझा हात सोडेना. पोर वाचली. चेहऱ्यावरची सूज ओसरली, तर नातलग म्हणाले, "वाळली की हो!"

"वाळली नाही, बरी झाली," शांभवीने ठणकावलं.

बाळकृष्णराव चार मंगळवार चंदन आणि पेन घेऊन, लोकांच्या हातावर तीच वर्तुळांची परीक्षा करायला रांगेजवळ बसले. काहींनी हात पुढे केले, बहुतेकांनी तोंड फिरवलं. पाचव्या मंगळवारी सामी दिसले नाहीत. ते दुसऱ्या गावी बसतात, असं कळलं. तिथेही रांग आहे म्हणे.

तेव्हा एवढंच सांगते. दोन दिवसांत खाज थांबली म्हणून हात जोडू नका. लेप देणाऱ्याला आधी विचारा, यात काय घातलंय? तो सांगत नसेल, तर तो लेप तुमच्या लेकराच्या अंगाला लावू नका.