सातवीच्या पटावरची अकरा नावं

"पाणी घालून विकतात हो ही शाई. नाव कापावं, तर महिन्याभरात खालचं पुन्हा वाचता येतं," मल्हारी गुरुजी खांद्यामागं उभे राहून कुरकुरले, आणि सातवीच्या वर्गशिक्षिका कृपाबाईंना दौतीतल्या तांबड्या शाईवर धरलेला धुळीचा पापुद्रा दिसला. दौत लहानशी, बुचाऐवजी कागदाचा बोळा. जूनमध्ये हीच दौत निघते—मागासवर्गीय मुलांच्या नावापुढं तांबडी खूण करायची, म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना शोधाशोध नको. मार्चात पुन्हा निघते, ती नावं कापायला. आणि जूनमध्ये खूण नव्हती असं एकही नाव आजवर मार्चात कापलं गेलेलं नाही, हे हेडमास्तर असलेल्या गुरुजींपासून घंटा देणाऱ्या बन्सीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. बोलायची रीत तेवढी नव्हती.

नियम सरळ होता. महिनाभर सलग गैरहजर मूल पटावरून कमी करावं. यंदा तर दुष्काळ. दिवाळीनंतर वस्तीतली अकरा मुलं आईबापांच्या मागं पाझर तलावाच्या कामावर गेली ती गेलीच; वर्गात वस्तीतलं एकच मूल उरलं. दहा नावं कापून झाली होती. पुढ्यात जातवार निकालाच्या पत्रकाचा कोरा नमुना होता, आणि वार्षिक परीक्षा व्हायची असली तरी गुरुजींनी आकडे शिसपेनीनं आधीच मांडून ठेवले होते. मागासवर्गीय : बसले एक, पास एक, शेकडा शंभर... तालुक्याला वाटेल, पाण्याचा दुष्काळ पडला तरी न्हावऱ्याच्या बाजूला विद्या भरभरून पिकली. कृपाबाईंना हसू आलं. मग आपण हसलो याची लाज वाटली.

"रंभाचं राहिलं," गुरुजी म्हणाले.

"राहिलंय."

रंभा कोंडिबा. तोंडी अपूर्णांक सोडवताना डोळे मिटायची आणि उत्तर आलं की आधी एक डोळा उघडायची. तिच्यासाठी घोडनदीच्या वसतिगृहात कृपाबाईंनी स्वतः शब्द टाकून जागा धरली होती—फक्त सातवी पास असावी लागते. यंदा परीक्षा चुकली तर पुढच्या वर्षी ही मुलगी मुलगी राहणार नव्हती, कुणाची तरी बायको होणार होती. म्हणून तर दिवाळीपासून रोज सकाळी तिच्या रकान्यात बाई हजेरी भरत होत्या. मग रोजचं रोज खोटं नको—खोटं एकदाच बोलावं, म्हणून महिन्याची ओळ एका बैठकीत भरून टाकली... आणि तिथंच फसल्या. माघात भैरोबाच्या जत्रेची सुट्टी. सगळी शाळा गैरहजर, रंभा एकटी हजर.

"बाई," गुरुजींनी तेव्हा चष्मा पुसत विचारलं होतं, "पोरगी कुलपातनं आत गेली का?"

रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. त्यांची बायको दौंडला माहेरी अंथरुणावर, अंगावरून वारं गेलेलं, आणि बदलीच्या अर्जावर साहेबांनी लिहिलेलं—निकाल पाहून विचार करू. अकरा मुलं पटावर ठेवावीत तर निकाल कोसळतो, दौंड राहतं. एकीला ठेवावं तर साहेब विचारणार, बाकी दहांनी काय केलं होतं?

मग मला बोर्डिंगच्या ग्लॅडिसबाईंनी पटावर कसं ठेवलं होतं, कृपाबाईंच्या मनात आलं. घोडनदीच्या बोर्डिंगात, आई गेली त्या साली, दोन महिने मी घरी चुलीपुढं बसून होते आणि तिकडं माझी हजेरी रोज लागत होती. त्या खोट्या हजेरीवर माझी ही नोकरी, हे नऊवारीवरून पाचवारीवर येणं, एसटीत लोकांनी सरकून जागा देणं, सगळं उभं आहे. आजी याच वस्तीतली. वडील ख्रिस्ती झाले म्हणून मी पत्रकात 'इतर'मध्ये, आणि रंभा तांबड्या खुणेत. एका रकान्याचं अंतर... ग्लॅडिसबाईंना जत्रेची सुट्टी बरोबर आठवत असणार.

कृपाबाईंनी टाक बुडवला. रेघ मारली. शाई खरंच पातळ होती. रेघेखालून 'रंभा' स्वच्छ दिसत राहिली.

मधल्या सुट्टीत दाराशी सावली पडली. चांगुणा, रंभाची आई. भुवयांपर्यंत खडीची पांढरी धूळ, एका हातात रिकामी कळशी.

"आत या, चांगुणाबाई."

"पाय भरल्यात. हितंच बरी हाय." तिनं उंबऱ्याबाहेरूनच मान लवून फळ्याकडं पाहिलं. "मुकादमाला सांगून आल्ये. परीक्षेच्या टायमाला रंभीला धाडीन म्हनलं. नाव हाय न्हवं तिचं?"

गुरुजी लगेच पुढं झाले. "त्याचं असंय, नियम असतो. जूनमध्ये पुन्हा घालू की नाव. दुष्काळ काय कायमचा आहे?"

"व्हय, जूनला," चांगुणा म्हणाली. "जूनला तर जूनला." आणि कळशी कमरेवर घेऊन वळलीसुद्धा.

ते 'जूनला तर जूनला' कृपाबाईंना सोसवेना. ती भांडली असती तर त्या नियमाच्या मागं लपल्या असत्या. हात पुढं करून त्यांनी तिला थांबवलं, आणि बोटाला शाई लागलेली दिसताच मूठ मिटली.

"चांगुणाबाई, नाव मी कापलं. आत्ता, तासाभरापूर्वी. नियम खरा आहे, पण तेवढ्यासाठी नाही." गुरुजी खिडकीबाहेर पाहत होते. "तुमची मुलं पटावर नसली की आमची शाळा हुशार दिसते. दर वर्षी असंच करतो आम्ही."

हे म्हटल्यावर काहीतरी होईल, आतला दगड हलेल, निदान समोरची बाई शिवी तरी देईल, असं त्यांना वाटलं होतं.

चांगुणानं पदरानं भुवयांवरची धूळ पुसली. खाली रंभासारखाच चेहरा होता.

"त्ये म्हाईत हाय वस्तीत समद्यांना, बाई," ती म्हणाली. "माझ्या येळंलाबी आसंच झाल्तं. फकस्त तुमी आमच्यातल्या, म्हनून इचारलं."