आईपुढे गुणी

ठिणगी फक्त आईचं ऐकते, असं अख्ख्या बिल्डिंगचं मत होतं. दिवसभर ती खालच्या मजल्यावर आत्याकडे असायची आणि दिवसभर आत्याच्या नाकी नऊ आणायची. वय अडीच वर्षं, पण उद्योग मोठ्या माणसाला सुचणार नाहीत असे. कधी आत्याच्या बुटात साबण सापडायचा, कधी बादलीच्या तळाशी चष्मा. आंघोळ नको, कपडे नकोत, जेवण तर मुळीच नको. मनासारखं झालं नाही की असेल तिथे आडवी पडून ती असं भोकाड पसरायची की जिन्यातून जाणारा माणूस थबकावा.

आणि संध्याकाळी वरच्या घरात आली, आईने दार लावून घेतलं, की हीच पोर गाय व्हायची. ताटात पडेल ते खायचं, अंगावर चढेल ते घालायचं आणि भिंतीशी हात मांडीवर ठेवून बसायचं. कसली जादू केलीयस गं, असं आत्या विचारायची. आई वरवर काही नाही म्हणायची, पण खोटं कशाला बोला, मनातून तिला गुदगुल्या व्हायच्या. नोकरी करून पोर वाढवणाऱ्या बाईला कौतुक म्हणून रोज काय मिळतं? एवढं एक मिळत होतं, ते तिने जपून ठेवलं होतं.

कारण बाकी सगळी तारेवरची कसरत होती. नवरा बेकरीत कामाला. लोकांना पाव सकाळी लागतो म्हणून हा दिवस मावळताच झोपायचा. म्हणजे संध्याकाळी घरात आवाज नको. स्वयंपाक करायचा पण भांडं वाजायला नको, पोर सांभाळायची पण पोरीचा आवाज नको. अशा घरात गप्प बसणारं मूल म्हणजे देवाची देणगीच.

ती स्वतः एका टॅक्सी कंपनीत वायरलेसवर बसायची. समोर स्क्रीन होता, त्यावर गाड्यांचे ठिपके सरकत असायचे. पण ठिपक्याचं पोट दुखत नाही आणि ठिपका बायकोशी भांडून कामावर येत नाही. ते सगळं हिच्या डोक्यात असायचं. अकरा नंबरचा क्लच कुरकुरतोय, त्याला चढावर पाठवायचं नाही. सात नंबरचा चष्मा फुटलाय, त्याला अंधाराच्या आत मोकळं करायचं. स्टेशनजवळच्या आजींना तीन नंबरच हवा, कारण तो वाटेत राजकारण बोलत नाही. शहरातल्या बोळाबोळासकट ही सगळी माणसं ती एका वेळी डोक्यात वागवायची, म्हणून ऑफिसात तिला नकाशा म्हणत, आणि ड्रायव्हर मंडळी नकाशाताई.

त्या कंपनीत एक जुनी रीत होती. ड्यूटी संपली की उठणाऱ्याने खुर्चीमागे उभं राहायचं आणि नव्या माणसाने खुर्चीत बसायचं. मग उठणाऱ्याने एकेक गाडी तोंडाने सांगायची, कुठे आहे, कुठे निघालीय, कुणाचं काय बिनसलंय. बसणाऱ्याने ते पुन्हा म्हणून दाखवायचं. शेवटची गाडी म्हणून झाली की उठणाऱ्याने स्क्रीनकडे वळूनही बघायचं नाही. याला तिथे ‘डोकं उतरवणं’ म्हणायचे. बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्यापासून नकाशाने हे सोडलं होतं. उभं राहून गाड्या मोजत बसायला वेळ कुणाला होता? घरी पोर वाट बघत असणार. पर्स खांद्याला अडकवता अडकवता ती दारातूनच दोन वाक्यं फेकायची आणि पळायची. तिच्या जागी बसणारा गवई, म्हणजे वायरलेस चालू ठेवूनच गुणगुणतो म्हणून ज्याला सगळे गवई म्हणत तो, मोठा बिनघोर माणूस. अडलं तर फोन करीन, असं म्हणून तो खुर्ची पुढे ओढायचा.

आणि त्याचं अडायचंच. इकडे नकाशा घरी वेळेआधी पोचायची, पण गाड्या तिच्या मागोमाग जिना चढून यायच्या. भाजी परतताना तिला आठवायचं, अकराचं सांगायचं राहिलं. ठिणगी ओढणी ओढून "आई, बघ" म्हणायची, ही न बघताच हो म्हणायची. पोर पुन्हा म्हणायची, ही पुन्हा हो. तेवढ्यात फोन. गवई विचारायचा, पाच नंबर कुठे गं? एका हातात झारा, एका कानाला फोन, पायाशी पोर, आतल्या खोलीत झोपलेला नवरा. मग डोक्यातलं सगळं एकदम सांडायचं, पाचही आठवायचा नाही आणि भाजीत मीठ घातलं की नाही तेही. आणि जो आवाज थांबवता येण्यासारखा होता तोच ती थांबवायची. ओरडायची नाही, नवरा उठेल ना. खालच्या पट्टीत, दात आवळून म्हणायची, "एक शब्द नको." ठिणगी ओढणी सोडायची आणि भिंतीशी जाऊन बसायची. घरात शांतता व्हायची. ही शांतता कुठून येते, याचा विचार करायला नकाशाच्या डोक्यात तिळाएवढी जागा नव्हती.

एकदा ऑफिसातली वीज गेली ती येण्याचं नाव घेईना, म्हणून दिवसपाळीला भर दुपारी सुट्टी मिळाली. नकाशा खूश होऊन आत्याच्या दाराशी आली. दार लोटलेलंच होतं. आत ठिणगी जमिनीवर आडवी पडून टाचा आपटत होती. आत्याने तिची कापडी बाहुली धुऊन वाळत घातली होती, एवढाच गुन्हा. आत्या शेजारी बसून कपड्यांच्या घड्या करत होती आणि मध्येच सांगत होती, हो गं बाई, ओली आहे ती, मलाही कळतंय, वाळली की तुझीच. पोर आणखी जोरात रडत होती आणि रडता रडता आत्याच्याच मांडीकडे सरकत होती.

मग तिला दारात आई दिसली.

रडणं जागच्या जागी थांबलं. ठिणगी उठली, बाहीने नाक पुसलं आणि भिंतीशी जाऊन हात मांडीवर ठेवून बसली. हनुवटी थरथरत होती, पण तोंडातून आवाज नाही. काल हेच पाहून आईने शहाणी गं माझी म्हटलं असतं. आज मात्र पोर शहाणी कशी होते ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. ऑफिसात मालकीणबाई आत आल्या की ड्रायव्हर असे उठून उभे राहतात, हे तिने रोज बघितलं होतं. आपल्या पोटच्या पोरीने आपल्यासाठी असं उठावं, हे तिला सोसवेना.

"ताई, ही मला घाबरते का?"

नणंदेने हातातली घडी पुरी केली. "रागावू नकोस. पण पोरं जिथे जागा दिसते तिथेच आडवी होतात. तुझ्याकडे संध्याकाळी जागा कुठे असते?"

रागावू नकोस म्हटलं की माणूस हमखास रागावतो. नकाशाही रागावली. पोरीला उचलून वर गेली आणि ओट्याशी उभी राहून रडली. दिवसभर राबायचं, धावत घरी यायचं, आणि वर हे ऐकायचं. आणखी किती लवकर यायचं माणसाने? पण मनाचा एक कोपरा काही रागवायला तयार होईना. त्याला ठाऊक होतं की नणंद खरं बोललीय.

त्याच आठवड्यात ऑफिसात व्हायचं ते झालं. गवयाने अकरा नंबरला टेकडीवर पाठवलं. क्लचचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, सांगणारी दारातून निघून गेली होती. अर्ध्या चढावर गाडी बसली आणि आतल्या जाडजूड न्यायाधीशांना उतरून धक्का मारावा लागला. मालकीणबाईंनी दुसऱ्या दिवशी दोघांना बोलावलं. आवाज चढवला नाही, पण यापुढे डोकं उतरवल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडायचा नाही असं बजावलं. नकाशा म्हणाली, घरी लहान मूल आहे. मालकीणबाई म्हणाल्या, अकरा नंबरच्या घरीही आहे.

त्या संध्याकाळी ती खुर्चीमागे उभी राहिली ती तोंड वाकडं करूनच. एकेक गाडी सांगत गेली, गवई एकेक म्हणत गेला, अर्थात चाल लावून. मध्येच एक चुकला, तिने सुधारलं. शेवटची गाडी झाली, तिने पाठ फिरवली आणि बाहेर पडली. उशीर झाला म्हणून चडफडत चालत असताना कोपऱ्यावर तिला शिंप्याचं दुकान दिसलं. काचेतल्या पुतळ्याला कुणीतरी मिशा काढल्या होत्या. मिशा जुन्या होत्या, रंग उडाला होता. म्हणजे आपण रोज इथून जातो आणि आपल्याला दिसल्याच नाहीत? मग तिला भूक लागल्याचं कळलं. पाच नंबर कुठे असेल, असं सवयीने मनात आलं, आणि ती आता गवयाची डोकेदुखी आहे हे आठवून तिला भर रस्त्यात हसू आलं.

घरी ठिणगी नेहमीसारखी भिंतीशी बसली. भाजी टाकताना आईने मागे वळून विचारलं, तुझ्या हातात काय आहे? पोरीने डब्याचं झाकण दाखवलं. आई म्हणाली, टोपी आहे का ही? ठिणगीने तिच्याकडे संशयाने पाहिलं आणि झाकण मांडीखाली लपवलं. दुधाने तोंड पोळलेलं मूल ताकही फुंकूनच पिणार. नकाशाला वाईट वाटलं, पण तिने घाई केली नाही. गाड्यांची घाई करता येते, माणसाची करता येत नाही, हे वायरलेसवर बसणाऱ्याला चांगलं कळतं.

पुढे काही चमत्कार झाला नाही. एखाद्या दिवशी ऑफिसात इतकं बिनसायचं की डोकं उतरवूनही तळाशी काही उरायचं, आणि मग तोंडून "गप" निघून जायचं. पोर गप्प व्हायची, आईला रात्रभर टोचत राहायचं. पण बाकीच्या दिवशी झाकणाची टोपी झाली, टोपीची गाडी झाली, आणि ठिणगी भिंत सोडून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. फोन वाजणं जवळजवळ थांबलं होतं.

मग एका संध्याकाळी आईने गोड पावाचे दोन तुकडे करून तिच्या हातात दिले. ठिणगीला तो अख्खा हवा होता.

"जोड," ती म्हणाली.

आईने समजावलं की तुटलेला पाव जुडत नाही. ठिणगीने दोन तुकडे एकमेकांना लावून पाहिले. जुडले नाहीत. तिची हनुवटी थरथरायला लागली. तिने भिंतीकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. आई तिथेच उकिडवी बसली होती, दुसरीकडे कुठेही नव्हती. पोर बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तुकडे फेकून ती आडवी झाली, टाचा आपटल्या आणि भोकाड पसरलं.

आतून नवरा केस विस्कटलेला धावत आला आणि काय जळतंय म्हणून विचारू लागला. खालून आत्या धापा टाकत वर आली. "अगं बाई, आता तुझंही ऐकेना का ही?"

"नाही ऐकत," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि हसू आवरत नव्हतं. रडता रडता ठिणगी तिच्या मांडीकडे सरकत होती. नवरा फडताळातून दुसरा, अख्खा पाव काढायला गेला, तसा तिने त्याचा हात धरला.

"राहू दे. जरा रडू दे तिला. माझ्यापाशी रडतेय."