कणकेचा गोळा

नावाजलेला फंक बँड सोडताना शैलेशला वाटलं होतं, आता आभाळ कोसळेल. कसलं काय! महिन्याभरात त्याच्या जागी दुसरा बेस गिटारवाला आला, मैदानं तशीच भरली, लोक तसेच नाचले. पायाखालचा ठेका बदललाय, हे एकाही शहाण्याला कळलं नाही. ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. त्याने रिहे गावात गेणबांच्या घरी खोली घेतली आणि गिटार भिंतीला टेकवून ठेवली.

गेणबा गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. अर्धांगवायूने डावा हात गेला आणि त्यांचं देवळात जाणं सुटलं. मग दर गुरुवारी मंडळीच त्यांच्या पडवीत येऊन बसू लागली. टाळ जोरात, पेटी जोरात, गळे त्याहून जोरात. गेणबा मात्र तोंड पाडून बसायचे.

"शैलेशराव, वरचं समदं हाय," ते एकदा म्हणाले, "खालचं न्हाई. भजनाला जमीनच ऱ्हायली न्हाई बगा."

शैलेशला भरून आलं. बेस म्हणजे खर्जच; आयुष्यभर तो खालचंच तर वाजवत आला होता! पुढच्या गुरुवारी त्याने गिटार आणि छोटा स्पीकर पडवीत आणला. पण इथेही कुणाला फरक कळला नाही, तर पुन्हा वाद्याला हात लावायचा नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

तो तारा जुळवत होता, तेवढ्यात गेणबांची बायको सगुणाबाई आतून आल्या. डाव्या तोंडाला कणीक थापल्याशिवाय पखवाज घुमत नाही, म्हणून लग्नापासून त्या दर गुरुवारी गोळा मळायच्या. नवऱ्याचा हात गेल्यावरही मोडता न आलेली ती सवय. हल्ली गोळा गाईला जायचा. आज त्यांनी तो शैलेशपुढे धरला.

"घे बाबा, लाव."

"मावशी, ह्याला कणीक नाही लावत."

"कायतरीच! कणकीबिगर आवाज कसा घुमंल?"

मंडळी खो खो हसली. शैलेशला मात्र त्या पिठाच्या हातांना नाही म्हणवेना. त्याने गोळा लांबट करून तारांच्या बुडाशी दाबला आणि तार छेडली.

धुम्म! झणझणाट पार गेला, उरला आखूड, भरदार आवाज. गेणबांनी मान वर केली.

भजन रंगलं. आणि ऐन भरात शैलेशने मुद्दाम हात थांबवला.

टाळ अडखळले. पेटी थबकली. अख्खी पडवी त्याच्याकडे बघू लागली.

"आरं, थांबलास का रं?" गेणबा चांगला हात मांडीवर आपटत ओरडले. "वाजीव की!"

शैलेशने बाहीने डोळे पुसले आणि वाजवायला लागला.