सेकंदाला नव्वद चित्रे

दिनांक १४ मे २०२५, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. सेकंदाला नव्वद चित्रे हवी होती; येत होती एकेचाळीस.

मोहनरावांनी पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा वाचला आणि चष्मा पुसला. तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यापासून ते जळोचीत संगणक दुरुस्त करत. दोष जिथे घडतो तिथेच जाऊन पाहावा, हा त्यांचा नियम. म्हणून ते एस.टी.ने इंदापूरला आणि तिथून सुप्रियाच्या स्कूटीवर या वस्तीवर आले होते.

समोर खुर्चीत सुप्रियाचे वडील झुंबरराव बसले होते. डोळ्यांवर काळा, जाडजूड व्हीआर हेडसेट. उजवा हात कोपराखाली नव्हता. तो डिसेंबरात कडबा कापायच्या यंत्रात, कडबाकुट्टीत गेला होता.

"मशीन बी माझ्यागतच हाय, मोहनराव," झुंबरराव म्हणाले. "एका हातानं काम वढतंय."

"तात्या, मान हलवू नका," सुप्रिया म्हणाली. संगणक तिचाच होता. पुण्यात ॲनिमेशन शिकताना गेम खेळण्यासाठी जुळवलेला. अपघातानंतर शिक्षण सोडून ती संगणकासह घरी परतली होती.

गेलेला हात झुंबररावांना अजून जाणवत होता. त्याची मूठ घट्ट आवळलेली आणि नखे तळव्यात रुतलेली, अहोरात्र. बारामतीच्या डॉक्टरांनी एक उपाय सुचवला होता. हेडसेट लावून डावा हात हलवला की आत दोन्ही हात हलताना दिसतात. डावी मूठ उघडली की उजवीही उघडते. मनाला ते खरे वाटले, तर आवळलेली मूठ सुटण्याची शक्यता असते. परंतु चित्र अडखळले की मनाला खरे वाटत नाही, नुसते मळमळते.

मोहनराव क्रमाने गेले. मागे चालू असलेले प्रोग्रॅम बंद केले. हेडसेटची केबल संगणकाच्या मागच्या, जलद पोर्टमध्ये लावली. चित्रातला तपशील कमी केला. आकडा अठ्ठावन्नवर चढला आणि दोनच मिनिटांत पुन्हा खाली आला.

"आधी चढतो, मग घसरतो. म्हणजे उष्णता," ते म्हणाले. त्यांनी संगणकाच्या पेटीला हात लावून लगेच मागे घेतला. "ही खोली गोठ्याला लागून आहे का?"

"व्हय, आबा," सुप्रिया म्हणाली.

त्यांनी पेटीची बाजू उघडली. चित्रे तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यावर पिवळसर, मऊ थर बसला होता. कडब्याचा भुसा. मोहनरावांनी ब्रश काढला. सुप्रिया खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. त्या दिवशी कडबाकुट्टीचे बटण आपण दाबले होते, हे तिने वाटेत स्कूटीवर, त्यांनी न विचारताच सांगितले होते.

साफसफाई झाली. संगणक पुन्हा सुरू केला. नव्वद. पंधरा मिनिटे थांबून पाहिले. आकडा हलला नाही.

झुंबररावांनी डावी मूठ उघडली. पडद्यावर दोन्ही तळवे एकदम उमलले, कुठेही न अडखळता.

"सुटली का, तात्या?"

"दिसतीया उघडलेली." ते थांबले. "आतनं न्हाय."

पुन्हा केले. पुन्हा केले. त्यांच्या कपाळावर घाम जमला. सुप्रियाने मोहनरावांना दाराशी नेले.

"आबा, त्यांना सांगा की अजून बिघाड हाय. पार्ट मागवायला लागंल म्हणा. आजवर मशीनला बोल लावून तग धरला त्यांनी." तिने ओढणीचे टोक मुठीत धरले. "मी बी."

"पोरी, नसलेला बिघाड मी कधी सांगितला नाही."

"मग आज सांगा."

"सुप्रे," खुर्चीतून आवाज आला, "माझं डोळं झाकल्यात. कान न्हाईत."

दोघेही खुर्चीपाशी परत आले.

"मोहनराव, आकडा किती हाय?"

मोहनरावांनी पडद्याकडे पाहिले. पाहण्याची गरज नव्हती.

"नव्वद."

"म्हंजी मशीन चांगलं."

"मशीन चांगलं आहे."

झुंबररावांनी डावा हात उचलला आणि एकेक बोट सावकाश उघडले.

"आत्ता सुटली गं," ते म्हणाले. "मगाशी मीच घाई करत हुतो. सुटली मूठ."

सुप्रिया त्यांच्या पायाशी बसली. "खरं? दहापैकी किती दुखतंय?" हा प्रश्न डॉक्टरांनी रोज विचारायला सांगितला होता, दहा म्हणजे असह्य.

"तीन. फार तर तीन. जा, मोहनरावांना च्या टाक. आन् पुण्याला फोन लाव. तुजं वर्ग कवा सुरू व्हत्यात, इचार त्यांना."

ती उठली. तिने दोनदा मागे वळून पाहिले आणि आत गेली. स्वयंपाकघरात स्टोव्हवर पातेले ठेवल्याचा आवाज आला.

मोहनरावांनी हेडसेट अलगद उतरवला. झुंबररावांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. पडद्यावर दोन्ही हात मांडीवर मोकळे पडले होते.

"किती, झुंबरराव?" मोहनरावांनी हलक्या आवाजात विचारले.

झुंबररावांनी डोळे उघडून आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले.

"नऊ."