दोन पाइपांची लार्क

"बाळाच्या झोपेसाठी गॅरेजचं दार बंद करायला लावू नकोस त्याला," चोचा बर्निसने बजावलं होतं. "मोडलेली झोप पुन्हा लागते, पोरी."

चोचा म्हणजे पोलिश लोकांत आत्या; ही लिडियाच्या नवऱ्याची, क्लेमची. घर मुळात तिचंच. गुडघे जिना चढेनात तेव्हा तिने ते भाच्याच्या हवाली केलं आणि स्वतः चर्चच्या मागे दोन खोल्यांत राहायला गेली. किल्ल्या देताना तिने लिडियाला सगळं सांगितलं. तळघरातली भट्टी कधी कुरकुरते, कडाक्याच्या थंडीत कुठल्या नळाला फडकं गुंडाळायचं, आणि सगळ्यात शेवटी हे. लिडियाने मान डोलावली आणि विसरून गेली. टेस तेव्हा पोटात होती. झोप काय चीज असते हे जिला अजून कळायचं होतं, तिला झोपेबद्दलचा सल्ला काय कळणार?

तशी लिडिया निष्काळजी मुळीच नव्हती. पोरीच्या घशात अडकू नये म्हणून तिच्या घरात द्राक्ष चिरल्याशिवाय बशीत येत नसे. विषारी वायूची सूचना देणारी यंत्रं तिने तीन खोल्यांत लावली होती. कॉलेजात ती लहान मुलांच्या ऐकण्या-बोलण्याचं शास्त्र शिकली होती, आणि टेस झाल्यापासून तर तिचे कान सशाचे झाले होते. पाळण्यातल्या पोरीचा श्वास जरा अडखळला तरी ती भिंतीपलीकडून उठून यायची. फक्त अंगणातलं ते सुटं गॅरेज तिच्या राज्यात नव्हतं. तिथे दुसरीचं राज्य होतं.

ही दुसरी म्हणजे त्रेसष्ट सालची स्टुडबेकर लार्क मोटार. वॉकर्टनच्या एका शेतकऱ्याच्या कोठारातून क्लेमने ती आणली तेव्हा मागच्या सीटवर कोंबड्यांची पिसं होती. दिसायला डब्यासारखी, साधी, म्हातारीने बाजाराला न्यावी अशी. पण नाकाखाली तिने एक गुपित दडवलं होतं. इंजिनात जोराने हवा कोंबणारा सुपरचार्जर कारखान्यातूनच बसवून आलेला. अशा फार थोड्या निघाल्या आणि त्यानंतर साउथ बेंडचा तो कारखानाच बंद पडला. क्लेमचे आजोबा, चोचाचा नवरा वॉल्ट, गल्लीतले निम्मे म्हातारे तिथेच राबलेले. त्यामुळे ही गाडी पाहायला आलेला माणूस आधी टोपी काढायचा, मग बोलायचा. एल्कहार्टच्या कारखान्यातले क्लेमचे सोबती त्याला म्हणायचे, अरे, हे जुनं धूड फेकून दे आणि बाजारात मिळतं तसलं इंजिन टाक, एका आठवड्यात गाडी रस्त्यावर येईल. क्लेम त्यांच्याकडे असा बघायचा, जणू कुणी त्याला आई बदलून घ्यायला सांगितलंय.

सवत लाकडाची असली तरी खुपते. ही तर पोलादाची होती, आणि क्लेम तिला रोज अंघोळ घालायचा. टेसच्या अंगाला तेल लावताना ज्याची बोटं अवघडायची, तो त्या इंजिनाच्या एकेका झडपेला मऊ फडक्याने पुसत बसायचा. लिडिया स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहायची. गाडीचा हेवा वाटतो असं कुणाला सांगायची सोय नव्हती; लोक हसले असते. मग जिचा हेवा केला तर लोक हसणार नाहीत अशी एक बाई आयतीच गॅरेजात येऊ लागली.

डोरीन हॉर्व्हाथ. नदीपलीकडे एकटी राहायची. शाळेची बस चालवायची. चाळिशीची, मनगटं पुरुषासारखी, हसणं त्याहून मोठं. अशीच सुपरचार्जरवाली लार्क तिच्याकडेही होती, वडिलांची. इंजिन उतरवून ठेवलेलं. स्टुडबेकरवाल्यांच्या मेळाव्यात तिची आणि क्लेमची गाठ पडली आणि दर गुरुवारी ती हजर व्हायला लागली. येताना कधी रिकाम्या हाताने यायची नाही. ईस्टरच्या आधीचे लेंटचे उपास सुरू होण्याआधीच्या आठवड्यात तिने पाँच्की, म्हणजे डोनटसारख्या तळलेल्या गोड पुऱ्या आणल्या, आलुबुखाराचं सारण भरलेल्या, कारण क्लेमला तेच सारण आवडतं.

"तुला कुणी सांगितलं त्याला काय आवडतं ते?" लिडियाने हसत विचारलं होतं. हसू ओठांपुरतंच होतं.

"तोच म्हणाला. तू म्हणे स्ट्रॉबेरीच्या आणतेस."

लिडिया लग्न झाल्यापासून स्ट्रॉबेरीच्याच आणत होती. क्लेम कधी काही बोलला नव्हता, गुपचूप खायचा. त्या दिवशी तिने एकाही पाँच्कीला हात लावला नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

गॅरेजातून त्यांचं बोलणं तुकड्यातुकड्याने ऐकू यायचं. बोलणं सगळं नट, वॉशर, पट्ट्याचा ताण, असलंच. ते तिलाही कळत होतं. पण मध्येच ती दोघं बोलायची थांबायची आणि एकत्र काम करत राहायची, आणि ती शांतता लिडियाला बोलण्यापेक्षा जास्त टोचायची. तिच्याशी क्लेम असा गप्प कधी बसला होता? तिच्याशी गप्प बसणं म्हणजे थकून झोपी जाणं.

चोचाजवळ तिने एकदा मन मोकळं केलं. चोचा म्हणाली, "वॉल्टच्या गाडीवर मी पण जळत होते. मग एक दिवस जाऊन त्याला उजेडासाठी बॅटरी धरली. कंटाळा आला, पण जळणं कमी झालं." लिडियाला वाटलं, आपण कशाला बॅटरी धरायची? धरणारी आहे की.

इंजिन तयार झालं फेब्रुवारीच्या अखेरीस. आता पहिल्यांदा सुरू करायचं. ह्या पहिल्या वेळेचा एक रिवाज आहे आणि तो गावातली पोरंसोरंही जाणतात. नवा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, घातलेलं इंजिन एकदा पेटलं की मध्ये बंद करायचं नाही. चढ्या वेगात वीसेक मिनिटं तसंच धरून ठेवायचं, म्हणजे पोलादावर पोलाद नीट बसतं. थांबलात तर केलेली मेहनत खरवडून निघाली म्हणून समजा. आणि हे काम एकट्याने करायचं नाही. एकाने वेग धरायचा, दुसऱ्याने तेल-पाणी कुठून गळतंय का ते पाहायचं.

शनिवारी डोरीन येणार होती. शनिवारी सकाळी बर्फाने नदीवरचा रस्ता बुजवला. तिला यायला दुपार टळून जाणार होती, आणि क्लेमला तर दम निघत नव्हता. तो स्वयंपाकघरात आला. हात धुतलेले होते, हे लिडियाने पाहिलं.

"थोडा वेळ उभी राहतेस का माझ्याबरोबर?" तो म्हणाला. "काही करायचं नाही. नुसती उभी राहा."

वर्षभर ह्याच एका वाक्याची ती वाट पाहत होती. पण ते आज आलं, डोरीन येऊ शकत नाही म्हणून आलं. उरलेल्या घासासारखं.

"टेसचा कान ठणकतोय, रात्रभर झोपली नाही," ती म्हणाली. "आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा. मागच्या वेळी न पेटवता नुसतं घरघरवलंस तर तासभर रडली. तुझ्या त्या बाईला बोलाव, नाहीतर फोनवर धर. आणि दार लाव ते. पोर उठली ना, तर तूच झोपव."

 क्लेमने पाळण्याच्या दिशेने पाहिलं, मान हलवली आणि गेला. मोठं दार खडखडत खाली आलेलं तिने ऐकलं.

इथे त्या दाराबद्दल सांगायला हवं. त्याला खालच्या बाजूला एक गोल भोक होतं, वॉल्टने पाडलेलं. हिवाळ्यात दार लावून इंजिन चालवायचं तर धुराच्या पाइपाला एक जाड नळी जोडायची आणि त्या भोकातून बाहेर सोडायची. गल्लीतल्या सगळ्या जुन्या गॅरेजांना असं एकेक भोक आहे. वॉल्टची गाडी साधी होती, एका पाइपाची. सगळ्यांच्याच तशा होत्या. पण ज्या लार्कमध्ये कारखान्याने सुपरचार्जर बसवला, तिला पाइप दोन दिले. क्लेमचा बेत दार उघडं ठेवायचा होता, त्यामुळे दुसऱ्या पाइपाचा विचार त्याने केलाच नव्हता. आता त्याने एकाला नळी लावली आणि दुसऱ्यासाठी बाजूचं छोटं दार विटेने अडवून उघडं ठेवलं. वाऱ्याने ती वीट किती वेळ टिकू दिली कोण जाणे.

इंजिन पेटलं. घराच्या खिडक्या किंचित थरथरल्या. टेस हलली, पण उठली नाही. लिडिया पाळण्याशी बसून तो आवाज ऐकत राहिली. सुपरचार्जरची बारीक शीळ त्यात मिसळलेली होती. खरं सांगायचं तर आवाज सुंदर होता. तिला आणखीच राग आला.

मग तिचा फोन थरथरला. पडद्यावर नाव होतं डोरीनचं.

ह्या बाईने तिला आजवर कधी फोन केला नव्हता. आता कशाला? चाललं बरं का तुझ्या नवऱ्याचं इंजिन, आम्ही दोघांनी चालवलं, हे सांगायला? लिडियाने फोन कापला. तो पुन्हा आला. तिने पुन्हा कापला. तिसऱ्यांदा आला तेव्हा ती उठलीच. वर्षभराचं सगळं बोलणं तिच्या जिभेवर रांगेत उभं होतं. वाजणारा फोन त्याच्यापुढे टाकायचा आणि म्हणायचं, घे, तुझी आहे, तूच बोल. कोटही न घालता ती बर्फातून तरातरा गेली.

छोटं दार घट्ट बसलं होतं. तिने खांदा लावून उघडलं. आत निळसर हवा होती आणि इंजिन एकसुरात गर्जत होतं. क्लेम पुढच्या चाकाशी कुशीवर पडला होता, टेस पाळण्यात पडते तसा, गुडघे पोटाशी घेऊन.

जिभेवरची रांग कुठल्या कुठे गेली. तिने श्वास कोंडला, मोठं दार दोन्ही हातांनी वर ढकललं, जाकिटाची कॉलर धरली आणि त्याला ओढत बर्फावर आणलं. एरवी टेसची बाबागाडी उचलायलाही ती त्याला हाक मारायची. त्याचे ओठ हलले. त्याने बर्फातच ओकारी काढली. ती ओकारी पाहून तिला इतका आनंद झाला की तिने त्याच्या कपाळाचा मुका घेतला.

फोन खिशात वाजतच होता. तिने तो कानाला लावला.

"दार उघडलंस का? मोठं?" डोरीन.

"उघडलं."

"तो?"

"श्वास घेतोय. डोळे उघडतोय."

"अँब्युलन्स मी घरच्या फोनवरून बोलावलीय, निघालीये. तू पुन्हा आत जाऊ नकोस. इंजिन चालू दे, जळू दे मेलं."

लिडियाने आभार मानायला हवे होते. तिच्या तोंडून निघालं, "तुला कसं कळलं?"

"तो कानात फोन अडकवून काम करत होता. मी काहीबाही बोलत होते, तो हूं म्हणत होता. मग त्याने हूं म्हटलं नाही."

बस, एवढंच.

दवाखान्यात क्लेमच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो. सगळे बाहेर गेल्यावर त्याने मास्क जरा बाजूला केला आणि विचारलं, "ते मध्येच बंद पडलं का?"

"तुझी धाकटी बायको सुखरूप आहे," लिडिया म्हणाली. "अग्निशामकवाले येईपर्यंत चालत होती. कॅम बसला म्हणे चांगला."

तो हसला आणि मग रडला. तिनेही तेच केलं, पण उलट क्रमाने. दार आपण लावायला लावलं, हे तिने बोलून दाखवलं. तो म्हणाला, दोन पाइप मला मोजता येत होते. त्या रात्रीपासून तो तिच्याजवळ गप्प बसायला शिकला. गॅरेजातही आता ती जाते, बॅटरी धरते, कंटाळते. चोचा म्हणाली होती तसंच.

पण जळणं कमी झालं असं म्हणवत नाही. ते नुसतं सरकलं. गाडीचा हेवा गेला, पाँच्कींचा गेला. उरला तो त्या एका न म्हटलेल्या 'हूं'चा. भिंतीपलीकडचा पोरीचा श्वास जिला ऐकू येतो, तिला अंगणापलीकडचा नवरा ऐकू आला नाही. नदीपलीकडच्या बाईला ऐकू आला. उपकार केलेल्या माणसाचा हेवा सगळ्यात वाईट. त्याला तोंडही दाखवता येत नाही.

ह्या हिवाळ्यात डोरीनचं इंजिन तयार झालंय. क्लेमला डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलंय, म्हणून कुठल्या शनिवारी सुरू करणार हे ती त्याला सांगत नाही. लिडियाला मात्र तिने विचारलं, फोनवर राहशील का? लिडिया हो म्हणाली, पण डोरीनने अजून दिवस कळवलेला नाही, आणि ती कळवेल असं लिडियाला वाटत नाही. त्या 'हो'त किती थंडी होती, हे असले कान असलेल्या बाईला ऐकू आलंच असणार. आतापर्यंत लिडिया दर शनिवारी चोचाला सुपाचं भांडं देऊन, डोरीन ठीक आहे ना ते बघायला, तिकडे पाठवायची. गेल्या आठवड्यात चोचा पायरीवरून घसरली आणि आता पलंगावर आहे. लिडियाने काल स्वतः गाडी काढली, पुलापर्यंत गेली आणि परतली.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी शनिवारी नदीपलीकडे जाणार असेल तर एवढं करा. पुलाच्या उजवीकडे, पिवळी टपालपेटी असलेलं डोरीनचं घर. गॅरेजच्या दाराला भोकं दोन आहेत का आणि दोन्हींतून नळ्या बाहेर आल्यात का, ते बघा. मग दार वाजवा, आणि तिचा स्वतःचा आवाज ऐकू येईपर्यंत वाजवत राहा; इंजिनाच्या आवाजावर परत फिरू नका. कुणी पाठवलं विचारलं, तर चोचाचं नाव सांगा.